खिडकीत शेपू नव्हता

चुळबुळे हे त्याचं आडनाव नव्हतं. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये कुणीतरी थट्टेने ठेवलेलं ते नाव, पण इतकं चपखल बसलं की पुढे साहेबही तेच वापरू लागले. हा माणूस एका जागी स्वस्थ बसला तर शपथ. चहा आला की कपाचा कान हलतो का ते बघणार. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला तर गप्पा सोडून उठणार आणि दाराची कडी नीट लागते का ते तपासणार. जगातली प्रत्येक वस्तू थोडीफार बिघडलेलीच असते, कुणी नीट पाहत नाही इतकंच, अशी त्याची समजूत. अशा नवऱ्याबरोबर नांदायला बाई खमकी लागते, आणि त्याची बायको तशी होती.

ती घरीच शिवणकाम करायची. शाळेचे गणवेश, पडद्यांच्या कडा, कुणाची पॅन्ट आखूड करून दे, कुणाची सैल. मशीन बाहेरच्या खोलीत, स्वयंपाकघराच्या दाराला लागून. मशीनवर टाचण्यांची छोटी उशी असायची, आणि तिला काही लपवायचं असलं की ती त्या उशीवरच्या दोन टाचण्या उचलून ओठांत धरायची आणि मिटल्या तोंडानेच उत्तर द्यायची. तोंडात टाचण्या असलेल्या बाईला कोण खोदून विचारणार? मुलीने स्वतःचं लग्न स्वतःच ठरवलं आणि आधी फक्त आईला सांगितलं, तेव्हा आठवडाभर त्या टाचण्या जेवणापुरत्याच बाहेर आल्या होत्या. तेव्हापासून चुळबुळे त्यांच्याकडे मीटरच्या काट्याकडे बघावं तसा बघायचा.

गुडघ्याने दगा दिला आणि साहेबांनी त्याला फक्त सकाळपाळी दिली. दुपारी घरी येऊन करायचं काय? घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घालून झालं. न गळणारे नळही बदलून झाले. मागची खोली सासूबाई गेल्यापासून रिकामी होती, तिथे फळ्या ठोकून कांदे-बटाटे ठेवायची सोय झाली. (सासूबाई शेवटी शेवटी कुणालाच ओळखत नसत. जावयाला त्या मीटर वाचायला आलेला माणूस समजायच्या. "आकडा लिहून घ्या आणि निघा," म्हणायच्या. चुळबुळेला त्याचं हसू यायचं, बायको मात्र उठून आत जायची.) शेवटी त्याच्या ठोकाठोकीला विटून बायको म्हणाली, "त्यापेक्षा तुम्ही स्वयंपाक करा. तिथे रोज काहीतरी बिघडतं, तुमचा वेळ बरा जाईल."

तिने चेष्टेत म्हटलं, याने मनावर घेतलं. मुलीला फोन करकरून शिकला. उकडून कुस्करलेले बटाटे, अंडी, भात, भाज्यांचं पातळ सूप, काकडी घातलेलं दही. सगळं साधं. पण त्या साध्यावर खिडकीतलं काहीतरी ताजं चिरून पडलं की ताटाला जीव यायचा, हे त्याला कळलं, आणि मग तो कात्री घेऊन खिडकीपाशीच घुटमळू लागला. खिडकीत पाच कुंड्या होत्या. पुदिना, कोथिंबीर, ओवा, लसणाची पात आणि गवती चहा. कुंड्या बायकोच्या. माती तिची, पाणी तिचं, कात्री तेवढी याची. शेपूला मात्र त्या खिडकीत मज्जाव होता. शेपूच्या वासाने बायकोचं डोकं उठायचं. नव्या संसारात याने एकदा हौसेने शेपूची जुडी आणली, तर तिने जुडी आणि नवरा दोघांनाही गॅलरीत काढलं होतं.

तर असं सगळं बरं चाललेलं असताना एका दुपारी तो कामावरून आला, आणि जिन्यातच त्याच्या नाकाला गॅसचा वास झोंबला. दार ढकलून आत गेला तर बायको मशीनवर. पायाखाली मशीन धडधडतंय, पुढ्यात गणवेशांचा ढीग, आणि तिच्या पाठीमागे दोन पावलांवर शेगडीचं बटण अर्धवट फिरलेलं. त्याने बटण बंद केलं, खिडकी सताड उघडली, आणि वास निघून जाईपर्यंत ओट्याला धरून उभा राहिला.

"गॅस चालू होता," तो म्हणाला. "तुला वास नाही आला?"

"कामात होते. लक्ष नव्हतं," बायको म्हणाली. तिच्या ओठांत दोन टाचण्या होत्या.

दुसरा कुणी असता तर चिडला असता आणि विसरला असता. चुळबुळेच्या मनात मात्र पाल चुकचुकली ती चुकचुकतच राहिली. जेवताना, अंघोळ करताना, लिफ्टच्या वायरी सोडवताना एकच विचार. एवढा वास. दोन पावलांवर. आणि टाचण्या. सरळ विचारावं तर ती टाचण्या उचलणार. डॉक्टरकडे चल म्हणावं तर ती म्हणणार, "गणवेश कोण देणार, तुम्ही?" शिवाय त्याला मनातून भीती वाटत होती, आणि ज्याची भीती वाटते ते विचारण्यापेक्षा तपासणं त्याला सोपं जायचं.

त्याच्या धंद्यात एक नियम होता. बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशाने काय झालं ते कळत नाही. तोच नियम त्याने स्वयंपाकघरात आणला. कुस्करलेल्या बटाट्यांत तो नेहमी कोथिंबीर घालायचा. त्या दिवशी कोथिंबिरीच्या जागी पुदिना घातला, तोही इतका बारीक चिरून की हिरवे ठिपके तेवढे दिसावेत. बाकी सगळं तेच, मीठसुद्धा तेवढंच. ताट पुढे ठेवलं आणि स्वतः समोर बसला, एक पाय हलवत.

बायको हात धुऊन आली, कुंड्यांना तांब्याभर पाणी घातलं, बसली, एक घास खाल्ला. "आज पुदिना वाटतं," ती म्हणाली.

त्याचा पाय थांबला. "बरा झालाय?"

"छान झालाय. पाय हलवू नका, टेबल हलतं."

दुसऱ्या दिवशी त्याने दह्यात ओव्याचं पान वाटून घातलं. बायकोने ओवा ओळखला. मग त्याने आणखी अवघड परीक्षा काढली. सुपात गवती चहाची पाती उकळली आणि वाढण्याआधी सगळी काढून टाकली. सूप अगदी पाण्यासारखं नितळ, डोळ्यांना काही दिसायची सोयच नाही. बायकोने चमचाभर तोंडात घेतलं, जरा थांबली, आणि म्हणाली, "गवती चहा. सुपात कशाला घातलात? पण चांगलं लागतंय."

चुळबुळेला इतकं हलकं वाटलं की त्याने दोन वाट्या सूप प्यायलं. संध्याकाळी मुलीला फोन लावला.

"तुझ्या आईचं नाक आपल्या सगळ्यांपेक्षा तिखट आहे."

"बाबा, तुम्हाला काय होतंय?" मुलगी म्हणाली. "आईच्या नाकाचं काय मध्येच?"

"काही नाही गं. असंच."

फोन ठेवला आणि उठून शेगडीचं बटण पाहून आला. खरं तर आता पाहायची गरज नव्हती.

त्याच आठवड्यात एका दवाखान्याच्या इमारतीतल्या लिफ्टची तक्रार आली. दार नीट लागलं की पॅनेलवर हिरवा दिवा लागतो, आणि तो लागल्याशिवाय लिफ्ट हलत नाही. इथे दार उघडं असतानाही दिवा लागत होता आणि लिफ्ट चालत होती. वर्कशॉपमधला जोडीदार दाराशी झटत बसला. चुळबुळे पॅनेलसमोर स्टूल घेऊन बसला आणि एकेक वायर मागे मागे नेत गेला. मग सापडलं. आधीच्या कुणीतरी सारख्या तक्रारींना कंटाळून दिव्याची वायर भलतीकडेच जोडून दिली होती. दिव्याला वीज मिळत होती, तो लागत होता. फक्त ती दाराकडून येत नव्हती.

"काय माणसं असतात," जोडीदार म्हणाला. "दिवा बरोबर आणि दार उघडं."

चुळबुळेच्या हातातली पक्कड तशीच राहिली होती. त्याला दिसत होता तो तांब्या. बायको हात धुऊन आली, कुंड्यांना पाणी घातलं, मग बसली. पुदिन्याच्या दिवशी, ओव्याच्या दिवशी, गवती चहाच्याही दिवशी. आधी खिडकी, मग ताट. आणि कुंड्यांना पाणी ती पूर्वी सकाळी घालायची.

त्याला स्वतःचाच राग आला. इतकी वर्षं दुसऱ्यांचे बिघाड शोधले, आणि घरात परीक्षा घ्यायची ती तिच्याच कुंड्यांतून तोडून. त्या कुंड्यांचं पान न् पान तिला पाठ. कुठली फांदी कापली, कुठला कोंब नवा, ती एका नजरेत सांगेल. पेपर काढायचा आणि उत्तरं खिडकीत ठेवायची, असला मास्तर होता तो.

परत येताना त्याने मंडईतून शेपूची जुडी घेतली. पिशवीतूनही तिचा वास येत होता. जिन्यात वरच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. त्या म्हणाल्या, "आज शेपू का?" त्याने मान हलवली आणि भरभर वर चढला, गुडघा दुखत असूनही.

बायको मशीनवर होती. तिने मान वर करून "आलात?" म्हटलं आणि पुन्हा शिलाईकडे वळली. पिशवी तिच्या खुर्चीला घासून आत गेली. चुळबुळेने आधी पुदिन्याच्या तीन जाड फांद्या कापल्या, कुंडी उघडीबोडकी दिसेल अशा, आणि त्या पिशवीत बांधून खालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून आला. मग सूप चढवलं. त्यात जुडीभर शेपू उकळला आणि गाळून घेतला. चोथाही खाली नेऊन टाकला. घरभर शेपूचा वास कोंदला. खिडकी उघडी होती तरी कोंदला. त्याला मनातल्या मनात वाटत होतं, आत्ता ती ओरडेल. आत्ता खुर्ची सरकेल, आत्ता ती दारात येऊन कमरेवर हात ठेवेल आणि म्हणेल, तुम्ही आणि तुमचा शेपू दोघेही गॅलरीत व्हा. जन्मात कधी बायकोच्या ओरड्याची त्याने इतकी वाट पाहिली नव्हती. मशीन धडधडत राहिलं.

ती आली. हात धुतले. तांब्या घेतला, कुंड्यांना पाणी घातलं, बसली. वाटी जवळ ओढली, चमचा तोंडात घेतला, जरा थांबली.

"पुदिना," ती म्हणाली. "आज बराच घातलात."

चुळबुळे उठला. शेगडीचं बटण पाहिलं. बंद होतं. पुन्हा बसला, पुन्हा उठला, खिडकीचा बोल्ट वरखाली केला. त्याला काहीच झालं नसल्यासारखं दाखवायचं होतं, पण हे काम त्याला जन्मात जमलं नव्हतं.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"कुठे काय."

तिने त्याच्याकडे पाहिलं, मग वाटीकडे. हळूच चमचा खाली ठेवला. "कोणता पाला होता?"

"शेपू," तो म्हणाला.

मग बायको हसली, पण ते हसणं डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "शेपू खाल्ला मी. आणि बरा लागला म्हणाले असते."

"किती दिवस फसवतेस मला?" त्याचा आवाज चढला. त्याला खरंच राग आला होता. "मी इथे वेड्यासारखा चिरतोय, वाटतोय, आणि तू रोज छान छान. त्या दिवशी गॅस पेटला असता म्हणजे?"

"बसा आधी."

"नाही बसत."

"बसा म्हणते ना."

तो बसला.

"तुम्ही इतक्या हौसेने करता," ती म्हणाली. "काही लागत नाही असं कसं सांगायचं? मीठ कळतं, तिखट कळतं. बाकी सगळं ओल्या कागदासारखं."

"अगं, मग गेल्या पावसाळ्यात मोठा ताप आला होता ना तुला, त्याने गेला असेल. जातो तापाने वास. वर्कशॉपमध्ये एकाचा गेला होता, आला परत. उद्या डॉक्टरकडे जाऊ."

"तापाने नाही. तापाच्या आधीच गेला होता."

"कशावरून?"

"मला माहीत आहे." तिने वाटी बाजूला सारली. "आईचं असंच सुरू झालं होतं."

चुळबुळेला आधी कळलंच नाही. सासूबाईंचं विसरणं त्याला माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं. त्या आधीचं माहीत नव्हतं.

"आधी तिचा वास गेला," बायको म्हणाली. "नासलेलं दूध चहात घालायची. बटाटे करपले तरी शेजारी उभी. मला वाटायचं, म्हातारपण. मी हसायचे तिला. मग वर्षभराने वस्तूंची नावं जायला लागली. कात्रीला म्हणायची, ते कापायचं. मग माणसांची." तिने टेबलावर सांडलेला सुपाचा थेंब बोटाने पुसला. "मी म्हटलं, बोलायचंच नाही. बोललं नाही तर कदाचित नुसता वासच जाईल."

तिचे ओठ मोकळे होते. टाचण्यांची उशी मशीनवर होती, हाताच्या अंतराबाहेर. चुळबुळेचा राग कुठल्या कुठे गेला. त्याला काहीतरी सोडवायचं होतं, खोलायचं होतं, घट्ट करायचं होतं. हातात काहीच नव्हतं. त्याने तिची वाटी उचलून सूप मोरीत ओतलं, तेवढंच सुचलं.

"तापानेही गेला असेल, नसेलही," तो शेवटी म्हणाला. "डॉक्टर बघतील."

"बघू देत. येते मी. पण पोरीला इतक्यात काही सांगायचं नाही. आणि उगाच माझ्यावर पाळत ठेवायची नाही, मला कळते ती." ती जरा थांबली. "वास गेला तो गेला. त्याची परीक्षा आता बंद. विचारायचंच असेल तर नावं विचारा. रोज सकाळी. समोरासमोर."

डॉक्टर बरे होते, पण त्यांनी फार काही सांगितलं नाही. काही तपासण्या झाल्या, काही व्हायच्या होत्या. वास कशानेही जातो, म्हणाले, एवढ्यावरून काही ठरवू नका. हे वाक्य चुळबुळेने घरी येईपर्यंत रस्त्यात बऱ्याचदा म्हटलं, शेवटी बायको म्हणाली, "पाठ झालं मला." त्याने शेगडीजवळ गॅस ओळखणारं यंत्र बसवलं. ते इतकं कर्कश ओरडायचं की त्याच्या चाचणीनेच वरच्या काकू धावत खाली आल्या. स्वयंपाक त्याच्याकडेच राहिला. हिरवं घालू की नको, असं त्याने एकदा चाचरत विचारलं, तर ती म्हणाली, "घाला की. दिसतं मला. आणि दाताखाली येतं तेही कळतं." मग तो पाला जरा जाडसर चिरू लागला.

सकाळी कामावर जाण्याआधी तो खिडकीपाशी उभा राहायचा आणि एकेका कुंडीवर बोट ठेवायचा. बायको मशीनवर गणवेशांना कॉलर लावत बसलेली असायची. तिथूनच, मान वर करून, ती घडाघडा सांगायची. पुदिना, कोथिंबीर, ओवा, लसणाची पात, गवती चहा. कधी उलट्या क्रमाने सांगायची. कधी म्हणायची, "आणि कुंडीमागे उभे आहेत ते चुळबुळे." तो हसायचा, पिशवी उचलायचा, जिना उतरायचा, आणि अर्ध्या वाटेवर त्याला पुन्हा वाटायचं की परत जाऊन एकदा विचारावं. वर्कशॉपमध्ये जोडीदार म्हणायचा, आज तर तू फारच चुळबुळतोयस. पण दिवस गेले, आठवडे गेले, नावं रोज येत राहिली, आणि तो जिना पूर्ण उतरू लागला. कधी कधी तर वाटेत त्याच्या मनात दुपारच्या जेवणाचेच विचार असायचे.

एका सकाळी असाच तो उभा राहिला. बाहेर ऊन चांगलं पडलं होतं, कुंड्या तरारल्या होत्या. त्याने बोट ठेवलं.

"पुदिना," बायको म्हणाली. "कोथिंबीर. ओवा. लसणाची पात."

शेवटच्या कुंडीवर बोट आलं. मशीन थांबलेलं होतं. तिने त्या लांब पात्यांकडे पाहिलं, मग हातातल्या कॉलरकडे, मग पुन्हा पात्यांकडे. ती कुंडी तिने स्वतः आणलेली होती, सगळ्यांत जुनी. चुळबुळेच्या जिभेच्या टोकावर नाव आलं होतं. त्याने ते दातांखाली दाबून धरलं.

"सांगू नका," ती म्हणाली.

त्याने बोट काढलं नाही. खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर वर सरकवलं. वरच्या काकूंचा नळ सुरू झाला आणि बंद झाला.

"गवती चहा," बायको म्हणाली. आणि हसली. "कसे घाबरलात. गंमत केली तुमची."

"बरं," तो म्हणाला. "दुपारी त्याचंच सूप करतो."

"करा."

त्याने पिशवी घेतली, चपला घातल्या. दारातून वळून पाहिलं तर ती कॉलर जुळवत होती, चेहरा अगदी शांत. तिचा हात उशीकडे गेला. दोन टाचण्या उचलून तिने ओठांत धरल्या, आणि मशीन सुरू केलं.

चुळबुळे दारातच उभा राहिला. मग त्याने पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या, आणि तिच्याशेजारी स्टूल ओढून स्वस्थ बसला.